बारा बाय नऊचा दाखला

बारकीचा वैयक्तिक विकास एका गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झाला. फॉर्मवर तारीख आहे, वेळ आहे, समन्वयकांची सही आहे आणि सहीच्या शेपटावर गोल शिक्का आहे. पुढच्या सोमवारी पत्र आलं, की हा विकास झालाच नाही असं समजण्यात यावं. तेव्हा आपणही तसंच समजू. गुरुवार झाला नाही, बारकी कुठे गेली नाही, कुठून परत आली नाही. आता सगळं सांगायला हरकत नाही.

बारकी घरात एकुलती एक. तरी बारकी. कोणाच्या मानाने बारकी, असं तिने लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली, "नसलेल्यांच्या मानाने." विषय तिथेच संपला.

बाबा फ्रेमवाले. लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो आणि पदव्या, एवढ्यावर दुकान चाले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि बाबांच्या डोळ्यांना अर्ध्या सुताचा तिरपेपणा खुपायचा. दुसऱ्यांच्या घरी गेले की बोलता बोलता हात भिंतीकडे जायचा. एकदा सांत्वनाला गेले होते. घरातली माणसं रडत होती आणि बाबांनी "फार चांगला माणूस" असं म्हणत म्हणत त्या चांगल्या माणसाला एक सूत डावीकडे सरकवलं. आईने रस्ताभर झापलं. बाबा म्हणाले, "अगं, जाताना तरी सरळ जाऊ दे."

कॉलेजच्या फलकावर विद्यार्थी सांस्कृतिक आदान-प्रदान कार्यक्रमाची यादी लागली आणि तीत बारकीचं नाव निघालं. सव्वीस आठवडे परदेश. आदान-प्रदान म्हणजे अगदी शब्दशः: बारकी तिकडच्या एका घरी जाणार आणि त्या घरातली मुलगी बारकीच्या घरी येणार, बारकीच्या पलंगावर झोपणार. जोडीतली एक मधेच परतली तर दुसरीनेही त्याच दिवशी परतायचं, असा नियम होता. आईने त्या मुलीचं नाव दोनदा म्हणून पाहिलं, जमेना, मग "बदली" असं ठेवलं. "बदली येणार म्हणून गादी उन्हात टाकली," असं ती शेजाऱ्यांना सांगायची.

बाबांनी कॉलेजात फोन करून एकच चौकशी केली. मुलगी काय शिकणार, कोण सांभाळणार, हे विचारलं नाही. शेवटी जे प्रमाणपत्र देतात त्याचा आकार काय, एवढं विचारलं. बारा बाय नऊ. बारकीची बॅग भरून व्हायच्या आत चौकट तयार होती. पट्टी सागवानी, काच पुसलेली, मागे पुठ्ठा, आत काहीच नाही. ती दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर लागली, बारकीच्या बालवाडीच्या प्रमाणपत्राशेजारी.

"रिकामी कशाला लावलीत?" बारकी म्हणाली.

"तुला आठवण राहावी म्हणून."

"मी इथे नसणार. मला कशी दिसणार?"

"फोनवर दिसेल," बाबा म्हणाले, आणि गल्ल्यावर पेन्सिलीने एक खूण केली. फोन त्या खुणेवर ठेवायचा, समोरच्या स्टुलावर आपण बसायचं, म्हणजे आपण बरोबर मधोमध येतो आणि मागे चौकट. तीन वेळा तपासून घेतलं.

तिकडचे यजमान म्हणजे लिफ्टवाले काका आणि लिफ्टवाल्या काकू. काकूंचा लिफ्टशी काही संबंध नव्हता, त्या टपाल वेगळं करायच्या कचेरीत होत्या. पण नामकरण होऊन गेलं होतं. काका अख्ख्या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि स्वतः चौथ्या मजल्यावर चढून यायचे, कारण त्यांच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. बदलीच्या खोलीत दाराच्या कडेला पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर वर्षीची उंची, समोर वर्ष. बारकी पहिल्या दिवशी तिथे पाठ लावून उभी राहिली. ती बदलीच्या तेराव्या वर्षाइतकी भरली.

पहिल्या आठवड्यात बारकी एकूण चाळीसेक शब्द बोलली असेल, त्यातले निम्मे "धन्यवाद". वर्गात सगळे भराभर बोलायचे, आणि तिचं वाक्य मनात जुळून येईपर्यंत विषय बदललेला असायचा. कँटीनमध्ये ती ट्रे घेऊन भिंतीशेजारच्या टेबलावर बसायची आणि कोणी पाहिलंच तर हसायची. शुक्रवारपर्यंत गाल दुखायला लागले. रविवारी दुपारी घरचा फोन आला. बाबा मधोमध, मागे चौकट सरळ.

"कसं वाटतंय?"

"मस्त! खूप मजा येतेय."

"बघ," बाबा आईला म्हणाले. "उगाच घाबरत होतीस."

मग कार्यक्रमाकडून एक फॉर्म आला. "वैयक्तिक विकास नोंद, पहिली." पंधरा गुण: आत्मविश्वास, स्वावलंबन, अनोळखी परिस्थितीशी जुळवून घेणे, अडचण मोकळेपणाने सांगणे, वगैरे. प्रत्येकापुढे एक ते दहापैकी आकडा. बारकीने पंधराही ठिकाणी दहा लिहिले. विचारसुद्धा केला नाही. तिच्या घरात बाहेरच्याने काहीही विचारलं तरी उत्तर एकच असायचं, उत्तम. तब्येत उत्तम, धंदा उत्तम. छत गळत असताना आईने वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकालाच "उत्तम आहे सगळं" असं सांगितलेलं बारकीने ऐकलं होतं.

समन्वयकांनी तिला बोलावून घेतलं. बारीक, नम्र माणूस. टेबलावर एक कॅक्टस, तोही नम्रच.

"दीडशेपैकी दीडशे," ते म्हणाले.

"हो."

"मग तुम्ही आलात कशाला?"

बारकी हसली. गाल दुखले.

"समजून घ्या," समन्वयक म्हणाले. "विकास म्हणजे शेवटच्या फॉर्ममधून पहिला फॉर्म वजा. तुम्ही वरच्या टोकाला उभ्या आहात. इथून विकासाला जागाच नाही. विकास नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर तुमचं कॉलेज हे सत्र गैरहजर धरणार."

"मग खोडून देते ना."

"शाईने लिहिलंय."

दोघंही थोडा वेळ शाईकडे बघत बसले. मग समन्वयकांनी नियमावली काढली, पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. "विकास सर्वांत खालच्या नोंदीपासूनही मोजता येतो. म्हणजे तुम्हाला मधे कोसळावं लागेल."

"मुद्दाम?"

"छे, छे. प्रामाणिकपणे. फक्त सातव्या आठवड्याच्या आत."

अशा रीतीने बारकीला कोसळण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत मिळाली. ती शुक्रवारीच कोसळली. तळघरात धुलाईयंत्रासमोर बसून ती इतकी रडली, की कपडे धुऊन, पिळून, वाळून झाले तरी उठली नाही. सातव्या आठवड्यात तिने पंधरा ठिकाणी चार लिहिले. समन्वयक खूश झाले. "छान! आता इथून चढायचं. तेराव्या आठवड्यात सहाची अपेक्षा आहे."

घरी मात्र दहाच चालू होते. दर रविवारी मस्त, दर रविवारी मजा.

नवव्या आठवड्यात बाबा फोनवर आले नाहीत. "दुकानात गर्दी आहे," आई म्हणाली. दहाव्यातही गर्दी. अकराव्यातही. तिथे एवढी माणसं एकदम का लग्न करतायत किंवा मरतायत, हे बारकीला कळेना. बाराव्यात फक्त आवाज आला, जाड, गुंडाळलेला: "बरी... आहेस ना." घसा बसलाय, आई म्हणाली. तेराव्यात बाबा दिसले. स्क्रीनच्या डाव्या कडेला, अर्धे.

"बाबा, मधे या ना."

"नेटच कमी येतंय," आई म्हणाली.

"नेट कमी आलं की माणूस अर्धा येतो होय?"

"इकडे येतो," आई म्हणाली. हसली. फोन बंद.

बारकीने हे चालवून घेतलं, हे इथे सांगायलाच हवं. तिला स्वतःचे सहा चढवायचे होते. शिवाय खरं विचारलं की समोरचाही खरं विचारतो, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं. चौदाव्या आठवड्यात तेच अर्धे बाबा. पंधराव्यातही तेच. एक डोळा, एक गाल, हसू येतं तिथली एकच कड.

सोळाव्या रविवारी आई बाबांना काहीतरी द्यायला वाकली आणि तिच्या कोपराने फोन जरा हलला. मागची भिंत दिसली. रिकामी चौकट तिरपी होती. थोडीथोडकी नाही, चांगली तीन सूत, कोणाचा तरी धक्का लागल्यासारखी. आणि तिच्याखाली बाबा बसले होते. चौकटीकडे पाठ करून, सहज बसले होते.

गर्दीवर बारकीने विश्वास ठेवला होता, घशावर ठेवला होता, अर्ध्या नेटवरही ठेवला होता. तिरप्या चौकटीवर विश्वास ठेवायला जागाच नव्हती. सांत्वनाच्या घरी न थांबलेला हात स्वतःच्या दुकानात थांबला होता.

"आई, बाबांना काय झालंय?"

"कुठे काय? उत्तम आहेत."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. काका नळाखाली हात धूत होते, काकू भांडी पुसत होत्या. बारकी म्हणाली, "माझ्या बाबांना काहीतरी झालंय. आई सांगत नाहीये."

काकूंनी पुसलेलीच ताटली पुन्हा पुसायला घेतली. काकांनी नळ बंद केला नाही. तेवढ्यावरून कळलं.

"तुम्हाला माहिती होतं?"

"आमची मुलगी तिथेच आहे ना," काकू ताटलीला म्हणाल्या. "सात आठवडे झाले. तुझ्या आईने शपथ घातली. म्हणाली, तिचं इतकं छान चाललंय, तिची मजा मोडू नका."

"माझं छान चाललेलं नाहीये!"

"ते आम्हाला दिसतंय," काका म्हणाले. "तळघराच्या खिडकीतून आवाज येतो. पण तेही तिकडे सांगू नका, असं तू म्हणाली नसतीस का?"

काकांनी नळ बंद केला, हात पुसले आणि खाली बसले. "लिफ्ट मधे अडकली की आतल्या माणसाला किती वेळ लागेल ते सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. 'होतंय, होतंय' म्हणायचं."

"त्याने काय होतं?"

"आतला शांत राहतो. बाहेरच्याला काम करता येतं."

"आणि आत कोण आहे, मी की बाबा?"

काकांनी यावर बराच विचार केला. "तीस वर्षांत आतल्या माणसाने मला हे विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

बारकीने तिथूनच बदलीला थेट फोन लावला. सोळा आठवड्यांत या दोघी एकमेकींशी एकदाही बोलल्या नव्हत्या. बदलीचं मराठी आता बरंच चालत होतं, फक्त ते हुबेहूब आईच्या सुरात चालत होतं.

"अगं बाई," बदली म्हणाली. "तुला कळलं."

"काय झालं ते सांग."

"मंगळवार होता. पावणेबारा. आई बाजारात. मी दुकानात बसले होते. बाबांनी मोठी काच उचलली आणि हात उघडला. हात आपोआप उघडला. काच पडली. ते काचेकडे बघत होते आणि तोंड एका बाजूला गेलं. मी ओरडले. शेजारचा धावला. गाडीत मी बसले, त्यांचं डोकं असं धरून. अर्धांगाचा झटका, डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू."

"आणि आई?"

"आई तासाने आली. तोपर्यंत फॉर्म भरायचा होता. नातं विचारलं होतं." बदली थांबली. "घाई होती गं. मी 'मुलगी' लिहिलं."

बारकीने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आता बरे आहेत," बदली घाईने म्हणाली. "चेंडू दाबतात. रोज दोनशे वेळा. मला काच कापायला, चौकटीच्या पट्ट्या जोडायला लावतात, स्वतः बसून सांगतात. रोज चिडतात. म्हणतात, तुझा कोपरा उघडा राहतो, त्यातून मुंगी जाईल."

"तुझ्यावर चिडतात?"

"रोज."

बारकीला वाटलं होतं की आपल्याला भीती वाटेल, रडू येईल. तेही आलं. पण सगळ्यात आधी जे आलं ते फारच बारकं होतं: बाबा चार महिन्यांत माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. हिच्यावर रोज चिडतात.

"त्यांना फोन दे," ती म्हणाली.

पलीकडे कुजबुज झाली, आईचा "नको, नको" ऐकू आला, मग स्टूल सरकल्याचा आवाज. डाव्या कडेला अर्धे बाबा आले.

"मधे या," बारकी म्हणाली.

"अगं, नेट..." आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस. बाबा, खूण आहे गल्ल्यावर. मधे या."

स्टूल पुन्हा सरकलं. पूर्ण बाबा आले. मग बाबांनी डाव्या हाताने हनुवटी जरा वर धरली, गिऱ्हाईक फोटो धरतं तशी, आणि शब्द एकेक करून बाहेर काढले.

"सरळ... आहे का?"

बारकीच्या जिभेवर 'उत्तम' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "उजवा कोपरा दोन सूत खाली आहे."

बाबांच्या घशातून एक आवाज आला. आई घाबरून पुढे झाली, पण ते हसत होते. अर्ध्या तोंडाने, खांदा हलवत. "दीड," ते म्हणाले. "मी... मोजलंय." मग जरा दम घेऊन: "आणि तुझं?"

"माझं काही छान नाहीये, बाबा. मला इथे कोणी ओळखत नाही. मी तळघरात बसून रडते."

"मग... मस्त मस्त... काय करत होतीस?"

"तुम्ही गर्दी गर्दी करत होतात तेच."

आई मागून म्हणाली, "सांगून काय केलं असतंस? विमानामागे धावत आली असतीस?" आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"पुरं करून ये," बाबा म्हणाले. "दहा आठवडे... राहिलेत. चौकट..."

"चौकट तिरपी आहे," बारकी म्हणाली. "मी येते."

तिने परतायचा अर्ज दिला. तिच्याबरोबर बदलीलाही परतावं लागणार होतं, म्हणून बारकीने तिला आधी विचारलं. बदली म्हणाली, "मी काय म्हणू? मी म्हटलं, थांब, तर ते बरोबर नाही. मी म्हटलं, ये, तर बाबांना मी उद्या दिसणार नाही." मग म्हणाली, "ये."

गुरुवारी समन्वयकांनी निरोपाचा फॉर्म पुढे केला. "नियमाप्रमाणे भरावाच लागतो," ते ओशाळून म्हणाले.

बारकीने या वेळी वेळ घेतला. आत्मविश्वास: तीन. स्वावलंबन: पाच, कपडे धुता येतात. अनोळखी परिस्थितीशी जुळवून घेणे: दोन. अडचण मोकळेपणाने सांगणे: इथे ती बराच वेळ थांबली आणि मग एक लिहिला, आणि पुढे कंसात लिहिलं, "गेल्या रविवारपासून. त्याआधी शून्य, पण शून्याची सोय नाही."

समन्वयकांनी बेरीज केली, पुन्हा केली. "घसरण आहे."

"हो."

त्यांनी फॉर्म वरून खाली वाचला, कॅक्टस बाजूला सारून पुन्हा वाचला. "नऊ वर्षांत मी पूर्ण वाचलेला हा पहिला फॉर्म आहे," ते म्हणाले. घड्याळात पाहिलं, चार दहा अशी वेळ टाकली, "विकास पूर्ण" असं लिहिलं आणि कोणी यायच्या आत शिक्का मारला.

शनिवारी दोघींची विमानं हवेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेली. बारकी घरी पोचली तेव्हा तिच्या पलंगाची चादर घडी घालून ठेवली होती आणि उशाशी एक रबरी चेंडू होता. दुकानात बाबा स्टुलावर होते. "कशाला आलीस?" हे त्यांचे पहिले शब्द. दुसरे, ती चौकटीला हात लावायला गेली तेव्हा: "खूप झालं... डावीकडे. अर्धं सूत मागे घे. डोळे... तिकडे ठेवून आलीस का?" बारकीला बरं वाटलं. पण तासाभराने बाबा खुर्चीतून उठताना आधारासाठी हात पुढे करत सवयीने म्हणाले ते बदलीचं नाव होतं. आईला जे कधी जमलं नाही ते नाव, अर्ध्या तोंडाने, अगदी बरोबर. बारकीने हात दिला.

सोमवारी कार्यक्रमाच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. मुदतीपूर्वी परतलेल्या विद्यार्थ्याने कार्यक्रमात भाग घेतलाच नाही असे समजण्यात येते. त्या काळातील सर्व नोंदी, विकासासह, रद्द. बारकीने पत्र गल्ल्यावर ठेवून चार वेळा वाचलं. मागे चौकट होती, रिकामी, आता सरळ. मग तिने दुकानातला कोरा कागद ओढला आणि उत्तर लिहिलं. ते असं:

प्रति,
मा. मुख्य समन्वयक,
विद्यार्थी सांस्कृतिक आदान-प्रदान कार्यक्रम

विषय: सतरा आठवडे घरीच असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या पत्रानुसार मी सदर कार्यक्रमात भाग घेतलेला नाही. पत्र मला मान्य आहे. मी सतरा आठवडे आपल्याकडे नव्हते, त्याअर्थी अन्यत्र होते, आणि अन्यत्र राहण्यासाठी मला एकच जागा माहीत आहे.

सबब, नवव्या आठवड्यातील मंगळवारी पावणेबारा वाजता काच पडली त्या वेळी मी दुकानात हजर होते, गाडीत डोके मी धरले होते, आणि रुग्णालयाच्या फॉर्मवर 'नाते' या रकान्यात 'मुलगी' असे मीच लिहिले, असा दाखला आपल्या सहीशिक्क्यानिशी मिळावा, ही नम्र विनंती.

दाखल्याचा आकार बारा इंच बाय नऊ इंच असावा. चौकट आधीच तयार आहे.